खोकं बघू नका, आतली डिस्क बघा : वाचकांचे प्रश्न

दोन अंकांमागं मी जुन्या आणि जरा हटके पिक्चरच्या स्पेशल एडिशन डिस्क गोळा करायच्या नादावर लिहिलं होतं. मला वाटलं होतं चार जण वाचतील आणि त्यातले दोन हसतील, पण पत्रं आणि मेसेज एवढे आले की कोल्हापुरात आपण एकटेच खुळे नाही हे कळून बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळं जे प्रश्न परत परत आले तेवढे घेतलेत.

मित्रानं इंग्लंडहून ब्लू-रे आणली. प्लेअरमधे टाकली की रिजनचा कायतरी मेसेज येतो आणि चकती बाहेर. डिस्क खराब निघाली का? (राजारामपुरी)

डिस्क ठणठणीत आहे भावा, चुकलंय ते फक्त गाव. डीव्हीडी आली तेव्हा कंपन्यांनी जगाची वाटणी करून टाकली, अमेरिका १, इंग्लंड-जपान २, आणि आपण ५. ब्लू-रे आली तेव्हा आकडे गेले आणि अक्षरं आली. अमेरिका-जपान ए, इंग्लंड-युरोप बी, आणि आपण चीन-रशियाबरोबर सी. तुझी डिस्क बी, प्लेअर इथला म्हणजे सी, त्यामुळं दोघांचं पटत नाही. घ्यायच्या आधी मागचं कव्हर बघायची सवय लाव, पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असतं त्यात आकडा किंवा अक्षर लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच डिस्कवर एबीसी तिन्ही असतात, त्या कुठंही चालतात. फोरके (4K), म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या पिढीच्या डिस्कला ही भानगड नाही, पण त्याला प्लेअर वेगळा लागतो.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमधे डीव्हीडीचा रिजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्या वेळी जो ठेवशील तो कायमचा. आमच्या एका मित्रानं एका रविवारी गंमत म्हणून पाचही वेळा बदलून बघितला आणि आता त्याच्याकडं जपानी पिक्चर लागणारा ड्राइव्ह आहे आणि जपानी पिक्चर एकही नाही.

अजून एक गोष्ट, जी कोण सांगत नाही. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमनं, आणि आपल्याकडच्या, इंग्लंडच्या पाल (PAL, टीव्हीची इकडची पद्धत) डीव्हीडीवर तो चालतो २५ नं. म्हणजे चार टक्के पळवतात, १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो, आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर गाणं मूळ पट्टीच्या वर सरकतं, पुरता अर्धा सूर नाही पण त्याच्या जवळपास. घरात पेटी असेल तर जुन्या डीव्हीडीवरचं गाणं लावून काळी दोन, काळी तीन शोधत बसा, मधेच कुठंतरी लटकतं. ब्लू-रेवर २४ चं २४ राहतं. माझ्या दृष्टीनं ब्लू-रे घ्यायचं पहिलं कारण चित्राच्या आधी हेच आहे.

पंचगंगेच्या अंगाला घर आहे. पावसाळ्यात सगळ्या कपाटाला कुबट वास येतो. कॅसेटच्या खिडकीतून पांढरं पांढरं दिसतंय आणि काही सीडींवर ठिपके आलेत. टाकून देऊ का? (शुक्रवार पेठ)

काकू, टाकू नका, पण ती कॅसेट व्हीसीआरमधे पण घालू नका. हे आधी सांगतो कारण पहिला मोह तोच होतो, चालतेय का बघू म्हणून. ते पांढरं म्हणजे बुरशी, ती एकदा व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढं जी जी कॅसेट घालाल तिला प्रसाद मिळतो. बुरशीवाल्या कॅसेट वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांपासून लांब, कोरड्या खोलीत ठेवा.

आता डिस्कचं. इथं प्रत्येक चकतीची रचना वेगळी आहे ते समजून घेतलं की निम्मी काळजी मिटते. व्हीसीडीत चांदीसारखा जो थर असतो तो वर असतो, लेबलच्या लगेच खाली, त्यामुळं आपण खालची बाजू जपतो आणि वरच्या बाजूला बॉलपेननं नाव लिहितो तेच उलटं आहे, लेबलवर ओरखडा गेला की माहितीच गेली. ट्यूबलाइटसमोर धरून बघा, सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर तो थर उडालाय, त्याला औषध नाही. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, थर मधे, सँडविचसारखा, म्हणून ती जास्त सोसते. ब्लू-रेत थर एकदम खालच्या बाजूला, ०.१ मिलिमीटरवर, पण त्याच्यावर कडक कोटिंग असतं.

ठिपके नुसते वरवरचे असतील तर जातात. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या, आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसा. गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो लेझरच्या वाटेवर लांबलचक जातो, सरळ पडला तर लेझर तो ओलांडून जातो.

पुराचं विचारलं नाहीत, पण शुक्रवार पेठ म्हटल्यावर मी सांगणारच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे. माझा नियम असा की ३९ ला खालचे दोन कप्पे रिकामे. २०१९ ला मी हा नियम केला नव्हता. मामेभावाच्या घरी ठेवलेली दोन खोकी चार दिवस पाण्यात होती, पाणी उतरल्यावर गेलो तर खोक्यांचा लगदा आणि आत डिस्कवर बोटभर गाळ. तेव्हा घाईनं कापडानं पुसायला लागलो आणि पहिल्या सहा डिस्क हातानं खराब केल्या, कारण गाळात वाळू असते आणि मी पॉलिश पेपर मारावा तसा ती घासत होतो. सातवीपासून शहाणपण आलं. बादलीत स्वच्छ पाणी, डिस्क त्यात नुसती बुडवून ठेवायची, गाळ वाळू द्यायचा नाही, आपोआप सुटू द्यायचा, मग दुसऱ्या पाण्यातनं काढायची आणि ताटाळ्यात ताटं लावतो तशी उभी करून वाळवायची. बाकीच्या जवळजवळ सगळ्या वाचल्या. केस नवीन मिळतात, काय अडत नाही.

गेली ती बुकलेटं. गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळली की वीट होते. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे : ओलं बुकलेट लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमधे टाकायचं. तिथं ते थांबतं, मग सवडीनं एक एक बाहेर काढून पानांत कोरे कागद घालत पंख्याखाली वाळवायचं. आमच्या फ्रीजरमधे मटारच्या पिशवीशेजारी आजही तशी एक रिकामी पिशवी तयार असते, बायकोनं विचारायचं सोडलंय.

रोजच्यासाठी : कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब, डिस्क उभ्या, आडव्या थप्प्या नकोत, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्याच्या वाफेनं प्लॅस्टिक खराब होतं.

आमच्या ह्यांनी एकच इंग्लिश पिक्चर चार वेळा विकत आणलाय. चौथा पत्र्याच्या डब्यात आहे. हे म्हणतात प्रत्येक वेगळा आहे. खरं काय? (ताराबाई पार्क)

ताई, तुम्ही मला अवघड जागी धरलंय, कारण हेच पत्र माझ्या घरनं पण येऊ शकलं असतं. खरं उत्तर असं की कधी ते खरं बोलतायत आणि कधी नाही, आणि ते ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो.

ब्लेड रनर म्हणून १९८२ चा एक पिक्चर आहे. थेटरात पडला, नंतर डोक्यावर घेतला गेला. त्याचा २००७ मधे एक पाच डिस्कचा सेट निघाला, ब्रीफकेसच्या आकाराच्या खोक्यातसुद्धा निघाला, आणि त्यात एकाच पिक्चरची पाच रूपं होती : कच्ची प्रत, अमेरिकेत लागलेला, बाहेरच्या देशांत लागलेला, १९९२ चा डायरेक्टर्स कट आणि २००७ चा फायनल कट. एकात हिरोचं मागनं बोलणं आहे, एकात नाही, एकात शेवट गोड, एकात नाही. इथं पाच वेळा घेतला म्हटलं तरी मी ह्यांच्या बाजूनं उभा राहीन.

आपल्याकडचं उदाहरण घ्या, शोले. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला, म्हणून थेटरात पोलीस येतात. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. तो शेवट नंतर व्हिडिओच्या काही आवृत्त्यांत फिरत होता, ज्याच्याकडं ती कॅसेट असायची त्याचा गल्लीत रुबाब असायचा. २०२५ मधे मूळ शेवटासकट रिस्टोर केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या फेस्टिव्हलला दाखवली आणि वर्षाच्या शेवटी ती आपल्याकडं थेटरात पण लागली. म्हणजे शोले म्हटलं की आधी विचारायचं कुठला शोले.

आता युक्ती. ह्यांना चारही खोकी टेबलावर ठेवायला सांगा आणि तीनच प्रश्न विचारा : पिक्चरची लांबी वेगळी आहे का, प्रत नव्यानं निगेटिव्हवरनं केलीय का, आणि सोबतचं मटेरियल, मुलाखती-कॉमेंट्री, वेगळं आहे का. एकाला जरी हो म्हणाले तर सोडून द्या. तिन्हीला नाही आणि नुसता पत्र्याचा डबा वेगळा असेल तर तो डबा. त्यात चकल्या ठेवा.

नवीन बॉक्स सेटचं सील फोडलं नाही तर पुढं किंमत वाढते म्हणतात. (कसबा बावडा)

वाढत असेल. मी एक सेट चार वर्षं जपून ठेवला, मग एकदा न राहवून फोडला तर आत पहिली डिस्क दोन वेळा आणि दुसरी गायब. दुकानदार तोवर धंदा बंद करून गेलेला. आल्या दिवशी फोडायचं, सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून बघायच्या, मग ठेवायचं.

वडलांची १९८५ पासून व्हिडिओ लायब्ररी होती. तीनशेच्या वर कॅसेट आणि पोतंभर व्हीसीडी माळ्यावर आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय. (उद्यमनगर)

थांबा. भंगारवाल्याला पुढच्या महिन्यात बोलवा.

आधी स्पष्ट सांगतो, नव्वद टक्के मालाला पैसे येणार नाहीत. गाजलेले हिंदी पिक्चर चार ठिकाणी याहून चांगल्या प्रतीत मिळतात. पण वेचायचं काय ते ऐका. ग्रामीण मराठी पिक्चर, तमाशापट, कुणीतरी स्टेजवर शूट केलेली नाटकं, आणि घरच्या कॅमेऱ्यावरचं काहीही. यातलं बरंच डिस्कवर कधी आलंच नाही, आणि जे आलं ते फक्त व्हीसीडीवर. २००७ च्या आसपास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला विकायला काढली तेव्हा वडापावाच्या गाड्याशेजारी पण पिक्चर मिळायला लागले होते. ती कंपनी पुढं दिवाळखोरीत गेली. त्या २८ रुपयांच्या चकत्या आपण पायपुसण्यासारख्या वापरल्या.

व्हीसीडीचं चित्र म्हणजे ३५२ बाय २८८, मोठ्या टीव्हीवर लावलं की हिरॉइनचं तोंड कौलासारखं चौकोनी चौकोनी दिसतं. त्यात एका चकतीत सव्वा तासाच्या वर मावत नाही, त्यामुळं पिक्चर जिथं तुटेल तिथं तुटायचा, लावणी पहिल्या चकतीत आणि शिट्ट्या दुसऱ्या चकतीत. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, रुंद पडद्याच्या पिक्चरच्या दोन्ही बाजू कापलेल्या, दोन गाणी गायब. पण दुसरी प्रत नसेल तर तीच प्रत. स्पेशल एडिशनचे लोक परदेशात बॉक्स सेटसाठी भांडतात, आणि तुमच्या पोत्यात एखाद्या पिक्चरची शेवटची एडिशन पडलेली असू शकते.

कॅसेटला घाई आहे, व्हीसीडीला नाही. व्हीएचएसचे नवे व्हीसीआर बनायचे २०१६ च्या जुलैमधे बंद झाले, जपानच्या फुनाई कंपनीनं शेवटचे काढले, त्यामुळं आता आहेत तेवढेच, आणि ते दुरुस्त करणारे हात अजून कमी. एक चांगला व्हीसीआर मिळवा, हेड साफ करून घ्या, आणि कॅसेट लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप त्यानं जरा मोकळी होते. आणि वेचलेल्यांची आधी वहीत यादी करा. नाव, लेबलवरचं साल, कंपनी. ती यादी मला पाठवा, मी बघतो.

कॉलेजला आहे, बजेट कमी, पण एक तरी खरी स्पेशल एडिशन घ्यायची आहे. कुठली? (शाहूपुरी)

सत्यजित रायांची अपू त्रयी. पैसे साठव, दुसरं काही घेऊ नको.

कारण सांगतो. १९९३ मधे लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात या तीन पिक्चरच्या मूळ निगेटिव्ह जळल्या. जळलेल्या, आक्रसलेल्या, कडक झालेल्या त्या रिळा कुणीतरी न फेकता अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीच्या संग्रहात ठेवल्या, पुढची वीस वर्षं. मग बोलोन्याच्या लॅबमधल्या लोकांनी त्या फिल्मला परत ओलावा देऊन मऊ केलं, तुटलेल्या कडा, फाटलेल्या भोकांच्या पट्ट्या हातानं जोडल्या आणि फ्रेम फ्रेम करून स्कॅन केल्या. पथेर पांचालीचा ४० टक्के आणि अपराजितोचा ६० टक्क्यांच्या वर भाग त्या जळक्या निगेटिव्हमधनं निघाला. बाकीचा भाग आणि अपूर संसार जगभरातल्या दुसऱ्या चांगल्या प्रतींवरनं केला. क्रायटेरियन या स्पेशल एडिशन काढणाऱ्या अमेरिकन कंपनीनं २०१५ मधे हे काढलं, आणि ही दुरुस्ती कशी केली तेसुद्धा त्याच सेटमधे बघायला मिळतं. ते आधी बघ आणि मग पिक्चर लाव.

आणि मागवायच्या आधी वरचा पहिला प्रश्न वाच, अमेरिकेतली आवृत्ती ए रिजनची असते. कस्टम ड्युटीचा हिशोब पण धर, मी एकदा धरला नव्हता आणि दारात आलेल्या माणसासमोर शेजाऱ्याकडनं पैसे मागायला लागले. खोक्याचा कोपरा पण दबलेला होता.

आपलं गाव म्हणजे कलापूर म्हणतो, मग आपल्या पिक्चरच्या अशा एडिशन का नाहीत? (मंगळवार पेठ)

काका, खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीत उभा केलेला कॅमेरा बघितला की मला पण हाच प्रश्न पडतो. प्रभात कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली, पुण्याला गेली १९३३ मधे, आणि त्याच्या आधी १९३२ ला इथंच पहिला मराठी बोलपट झाला, अयोध्येचा राजा. अडचण अशी की हक्क वाटलेले, गिऱ्हाईक थोडं, आणि मूळ फिल्म नायट्रेटची, जी पेट घ्यायला बसलेली असते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्या पण रिळा गेल्या. बोलोन्यातल्यासारखा चमत्कार करायला जळकं का होईना पण काहीतरी हातात असायला लागतं.

तरी मी मनात एक खोकं तयार करून ठेवलंय. अयोध्येचा राजा मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत केला होता, म्हणजे दोन्ही रूपं शेजारी शेजारी, दुर्गा खोट्यांचा तोच प्रसंग दोन भाषांत. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र आहेत आणि संगीत पण त्यांचंच, तर पिक्चर चालू असताना एखादा जाणकार गवई त्या चालींवर बोलतोय अशी कॉमेंट्री. ही कॉमेंट्रीची कल्पना काही नवीन नाही, क्रायटेरियननं १९८४ मधे किंग काँगच्या लेझर डिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) पहिल्यांदा केली होती. आणि बुकलेट म्हणून थेटरच्या दारात विकत मिळायची ती गाण्याची चोपडी, जशीच्या तशी छापलेली.

ती चोपडी कोल्हापुरात कुणाच्या तरी ट्रंकेत असणार, आजीच्या पोथ्यांमधे वगैरे. सापडली तर मोबाइलवर सरळ वरनं फोटो काढा, मधली पिन गंजली असेल तर ओढू नका, आणि ओल लागलेली असेल तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली.